मांजराच्या अंगावर जटा झाल्यात? कात्री हातात घेण्याआधी हे वाचा

मांजर मांडीवर आहे, तुम्ही त्याच्या अंगावरून हात फिरवताय. काखेजवळ बोटाला काहीतरी कडक लागतं. गाठ आहे की काय म्हणून केस बाजूला करून बघता, तर केसांचाच घट्ट गोळा. कंगवा लावला की मांजर फिस्कारतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "कात्रीने काप ना, दोन मिनिटांचं काम आहे."

नेमका इथेच घोळ होतो.

मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. जट ओढली की तिच्याबरोबर कातडीही तंबूसारखी वर येते. केस कुठे संपले आणि कातडी कुठे सुरू झाली, हे दिसतच नाही. त्यात मांजर हललं, की कात्री थेट कातडीवर. मग जखम आणि टाके.

जटा होतात कशा?

बहुतेक मांजरांना वरून लांब केस आणि आतून मऊ, बारीक केस असतात. आतले केस गळतात, पण बाहेर न पडता लांब केसांत अडकतात. त्यात ओल आणि घासणं यांची भर पडली की गुंता आवळत जातो. म्हणून कानांमागे, काखेत, पोटावर, मागच्या पायांच्या आतल्या बाजूला आणि पट्ट्याखाली जटा जास्त होतात.

मग मांजर स्वतःला दिवसभर चाटतं, ते कशासाठी? त्याच्या जिभेवर बारीक काटे असतात, तोच त्याचा कंगवा. पण हा कंगवा सगळ्यांना पुरत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं की पर्शियन मांजराचे केस इतके लांब आणि दाट असतात की जिभेचे काटे कातडीपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणजे पर्शियनला विंचरणं ही हौस नाही, गरज आहे.

आखूड केसांच्या मांजराला जटा झाल्या तर?

तर जास्त लक्ष द्या. वजन वाढलं, सांधे दुखायला लागले किंवा दात-हिरड्या दुखत असल्या की मांजर स्वतःला नीट चाटू शकत नाही. म्हाताऱ्या मांजराच्या कमरेवर अचानक जटा दिसल्या तर "आळशी झालंय" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

सोडवायच्या कशा?

आधी आंघोळ घालू नका. पाण्याने जट आणखी आवळते.

छोटी, सैल जट असेल तर तिच्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा. एका हाताच्या बोटांनी जट कातडीजवळ धरून ठेवा, म्हणजे ओढ कातडीला बसणार नाही. दुसऱ्या हाताने आधी बोटांनी, मग स्टीलच्या कंगव्याने टोकाकडून थोडं थोडं सोडवा. मांजर शेपटी आपटायला लागलं की थांबा. बाकीचं उद्या.

खोबरेल तेल नको. केस चिकट होतात, धूळ बसते आणि मांजर ते चाटत बसतं.

जट कातडीला चिकटून बसली असेल, खाली लाली, ओल किंवा वास असेल, तर ते घरचं काम नाही. डॉक्टर मशीनने केस काढतात, गरज पडली तर गुंगीचं औषध देऊन. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल मात्र कधीच देऊ नका, मांजरासाठी ती जीवघेणी ठरते.

पुन्हा होऊ नयेत म्हणून?

लांब केसांच्या मांजराला रोज आणि आखूड केसांच्या मांजराला आठवड्यातून एकदा तरी विंचरा. नुसता ब्रश वरवरून फिरतो, त्यामुळे शेवटी कंगवा फिरवून बघा. तो अडकला नाही, तर काम झालं. पावसाळ्यात भिजून आलं तर आधी टॉवेलने कोरडं करा.

पिल्लू असल्यापासून सवय लावलीत तर सोपं जातं. मोठं मांजर असेल तर पहिल्या दिवशी फक्त मान आणि पाठ विंचरा आणि आवडीचा खाऊ द्या. पोट आणि काखेपर्यंत हळूहळू पोहोचा. रोजची ही पाच मिनिटं दिलीत, तर कात्रीची वेळच येणार नाही.