डिझेल पिकअपचा गिअर कधी बदलायचा? स्पीडोमीटर सोडा, लोड ऐका

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी आजचा एपिसोड इथे लिहून देतोय. विषय आहे मॅन्युअल डिझेल पिकअप, आणि प्रश्न एकच: गिअर नेमका कधी बदलायचा?

गाडी शिकताना बऱ्याच जणांनी एक तक्ता पाठ केलेला असतो. १० च्या स्पीडला दुसरा, २० ला तिसरा, ३५-४० ला चौथा. रिकाम्या गाडीला, सपाट रस्त्यावर, हा तक्ता चालून जातो. पण त्याच गाडीत दीड टन कांदा भरलाय, तुम्ही नाशिकहून मुंबईला निघालात आणि पुढे कसारा घाट आहे. आता तक्ता काही कामाचा नाही. गाडीत किती माल आहे हे स्पीडोमीटरला कळत नाही. इंजिनाला कळतं. म्हणून गिअर इंजिनाला विचारून टाकायचा.

डिझेल इंजिनाची आवडती जागा

टॉर्क म्हणजे चाक फिरवायची ताकद. आपल्याकडच्या अडीच लीटरच्या पिकअपमध्ये ही ताकद सगळ्यात जास्त मिळते ती साधारण १४०० ते २२०० आरपीएमच्या पट्ट्यात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, एकदा उघडून बघाच. पेट्रोल गाडीसारखं ४०००-५००० पर्यंत ताणायची डिझेलला गरज नसते. ३००० च्या पुढे आवाज वाढतो, डिझेल जळतं, हाती फारसं काही लागत नाही.

म्हणजे नियम असा: वरचा गिअर टाकल्यावर काटा १४००-१५०० च्या खाली पडायला नको. गिअर कुठे सोडला त्यापेक्षा पुढचा गिअर कुठे पकडला, हे महत्त्वाचं.

इथे एक गंमत आहे. प्रत्येक गिअरमधलं अंतर सारखं नसतं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आरपीएम साधारण ४० टक्क्यांहून जास्त पडतो, चौथ्यातून पाचव्यात जाताना २०-२५ टक्केच. म्हणून खालचे गिअर थोडे जास्त ताणायचे, २४००-२५०० पर्यंत. वरचे गिअर २००० च्या आसपास बदलले तरी चालतात. गाडी भरलेली असेल किंवा चढ असेल, तर प्रत्येक ठिकाणी दोन-तीनशे आरपीएम आणखी जाऊ द्या. कारण क्लच दाबलेल्या त्या एका सेकंदातही भरलेली गाडी चढावर स्पीड गमावते.

काटाच नसेल तर?

कान वापरा. गाडी वरच्या गिअरमध्ये दबली की घर्रर्र असा जड आवाज येतो, गिअरचा दांडा थरथरतो, आणि अॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढत नाही. याच वेळी अनेक जण अॅक्सिलरेटर आणखी दाबतात. कमी आरपीएमला टर्बोला फिरायला पुरेसा एक्झॉस्ट मिळत नाही, म्हणजे इंजिनाला हवा कमी आणि डिझेल जास्त. अर्धवट जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं. बीएस-६ गाडीत तीच काजळी फिल्टरमध्ये साचते. वर बेअरिंगवर जोर येतो तो वेगळाच. ‘वरच्या गिअरमध्ये अॅव्हरेज मिळतो’ हे खरं आहे, पण इंजिन दबत नाही तोपर्यंतच.

चढ लागला की इंजिन दबायची वाट बघू नका. काटा १५००-१६०० कडे घसरायला लागला, आवाज बदलायला लागला, की लगेच खालचा गिअर. उशीर केला तर एक गिअर पुरत नाही, दोन खाली यावं लागतं, आणि मागचा ट्रक तोपर्यंत टेकलेला असतो.

उतार: इथे चूक महागात पडते

चढावर चुकलात तर गाडी बंद पडेल. उतारावर चुकलात तर थांबणारच नाही.

थोडं गणित करू. गाडी आणि माल मिळून ३ टन धरा. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना उंची साधारण ३०० मीटर कमी होते. या उतरणीतून जी ऊर्जा निघते ती सुमारे ९० लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत २५ लीटर गार पाणी उकळीला येईल! फक्त ब्रेकवर उतरलात तर यातली बहुतेक उष्णता लायनर, ड्रम आणि डिस्कमध्ये जाते. ते तापले की ब्रेकची पकड सुटते, ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल थेट खाली जातं. ‘ब्रेक फेल झाले’ म्हणतात त्यात अनेकदा हेच झालेलं असतं.

यावर उपाय म्हणजे इंजिन ब्रेकिंग. पण डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी हवा अडवणारी झडप त्या कामाला नसते, त्यामुळे वरच्या गिअरमध्ये ते गाडीला फारसं धरत नाही. धरायला हवं असेल तर खालचा गिअरच हवा. जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम आजही बरोबर आहे: ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा.

आणि गिअर वरच ठरवा. कसाऱ्याला उतरायचं तर घाटनदेवीच्या आसपासच स्पीड कमी करून खालचा गिअर टाकून घ्या. गाडी सुटल्यावर उतारात गिअर काढला आणि खालचा बसलाच नाही, तर तुम्ही अडकलात न्यूट्रलमध्ये. जबरदस्तीने बसवला तर आरपीएम लाल रेषेच्या वर जाईल. तेव्हा इंजिन फक्त डिझेल बंद करू शकतं, चाकं त्याला फिरवतच राहतात. म्हणून आधी ब्रेक, मग गिअर.

न्यूट्रलवर डिझेल वाचतं का?

हा प्रश्न हमखास येतो. उत्तर: नाही. आजच्या कॉमन रेल गाडीत गिअर टाकलेला असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल देणंच थांबवतात, चाकं इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये खर्च जास्त आणि ताबा कमी. आणि इंजिन बंद करून उतरायचा विचारही नको. काही वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, पॉवर स्टीअरिंगही जातं.

उद्या गाडी काढाल तेव्हा एक करून बघा. म्युझिक बंद ठेवा, काच थोडी खाली घ्या, आणि प्रत्येक गिअर बदलल्यावर इंजिनाचा आवाज ऐका. दबला असेल तर गिअर लवकर बदलला, ओरडत असेल तर उशिरा. आठवडाभरात काट्याकडे बघायची गरज उरणार नाही.

तुमच्या रोजच्या घाटाचं नाव आणि तिथे कुठला गिअर टाकता ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये वाजवू. तोपर्यंत सांभाळून चालवा!