आधी पडायला शिका

आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्ही कुठे गायब होतो हे कळल्यावर मंडळातल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय, कराटे का?" नाही, ज्युदो, असं म्हटलं की "तेच हो ते!" असं उत्तर येतं. ते 'तेच' नाही, म्हणून हा लेखप्रपंच. दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो आणि तो महत्त्वाचा आहे: "उद्या रस्त्यात खरंच कुणी अंगावर आलं, तर याचा काही उपयोग होतो का?"

आम्ही म्हणजे याच मंडळातली पाच-सहा माणसं. बहुतेक सगळी सॉफ्टवेअरवाली, तिशी ओलांडलेली, दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरलेली. आम्ही या भानगडीत पडलो त्याला कारण घडलं. आमच्यातल्या एकीला रात्री पार्किंग लॉटमध्ये एका अनोळखी माणसाने मनगट धरून थांबवलं. हिसका देऊन ती सुटली, गाडीत बसली, घरी आली. तिला काही झालं नाही, पण पुढचे दोन महिने अंधार पडल्यावर ती एकटी बाहेर पडायला तयार नव्हती. अशा वेळी 'काळजी घे' यापलीकडे काही सांगता येत नाही हे सगळ्यांनाच खटकलं, आणि शोधाशोध सुरू झाली.

कराटेत मुख्यतः हात-पाय मारायचे असतात. ज्युदोत समोरच्याला धरायचं, त्याचा तोल घालवायचा आणि त्याला पाडायचं. म्हणजे ज्युदो आपल्या कुस्तीच्या अधिक जवळचा. सेओइनागे नावाचा त्यांचा प्रसिद्ध डाव पहिल्यांदा पाहिला तेव्हा आमच्यातला कोल्हापूरकर ओरडलाच, "अरे, ही तर धोबीपछाड!" फरक इतकाच, की लाल मातीऐवजी गादी आणि लंगोटाऐवजी जाड सुती अंगरखा. पकड त्या अंगरख्याचीच धरायची.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो (१८६०-१९३८) अंगाने किरकोळ होते. शाळेतल्या दांडगट मुलांचा त्रास सोसून झाल्यावर १८७७ साली, टोकियोत विद्यार्थी असताना, त्यांनी जुजुत्सू ही जुनी सामुराई विद्या शिकायला घेतली. १८८२ मध्ये एका बौद्ध मंदिरात बारा तातामींच्या खोलीत, म्हणजे इथल्या साधारण लिव्हिंग रूमएवढ्या जागेत, त्यांनी स्वतःची शाळा काढली. तीच आजची टोकियोतली कोदोकान.

कानोंनी जे केलं ते आम्हा इंजिनिअर लोकांना फार पटतं. जुन्या जुजुत्सूत बोटं पिरगाळणं, मर्मावर प्रहार असले जालीम प्रकार होते. पण अडचण अशी, की ते जोडीदारावर पूर्ण जोर लावून करता येत नाहीत. केले तर दुसऱ्या दिवशी जोडीदार उरणार नाही! त्यामुळे ते ठरवून, हळूहळू, समोरच्याच्या सहकार्याने करावे लागतात. कानोंनी मोकळ्या सरावातून असे प्रकार काढून टाकले. फेकणं, जमिनीवर दाबून धरणं, गळा आवळणं आणि कोपराचा सांधा अडकवणं एवढंच ठेवलं. आता दोघंही मनापासून झटापट करू शकत होते. या मोकळ्या झटापटीला म्हणतात रांदोरी. कागदावरचं डिझाइन कितीही सुबक असलं तरी लोड टेस्टिंगमध्येच त्याची खरी परीक्षा होते, तसंच हे. १८८० च्या दशकात टोकियो पोलिसांनी भरवलेल्या सामन्यांत कोदोकानच्या मुलांनी जुन्या शाळांच्या पैलवानांना चीत केलं. कमी घातक विद्या शिकलेली मुलं जिंकली, कारण त्यांना रोज विरोध करणाऱ्या माणसाची सवय होती. आमच्या मते स्वसंरक्षणाच्या दृष्टीने ज्युदोची खरी किंमत इथे आहे. वीकेंडच्या दोन तासांच्या शिबिरात दहा डाव दाखवतात, पण तिथला 'हल्लेखोर' भला माणूस असतो. तो लगेच हात सोडतो.

आता डावामागचं थोडं भौतिकशास्त्र. (कंटाळा येत असेल तर हा परिच्छेद सोडा.) उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या खाली असतो. तिथून सोडलेला ओळंबा जोवर दोन पावलांमधल्या जागेत पडतो, तोवर माणूस उभा. ही जागा पावलांना जोडणाऱ्या रेषेवर लांब, पण तिच्या काटकोनात अगदी अरुंद असते. म्हणून कितीही धिप्पाड माणूस असला तरी त्या अरुंद दिशेला थोडक्या जोराने त्याचा तोल जातो. त्याने ढकललं की आपण ओढायचं, ओढलं की ढकलायचं. तोल घालवण्याच्या या भागाला कुझुशी म्हणतात. तो साधला नाही तर पुढचा डाव म्हणजे नुसती ताकद, आणि ताकदीत आपण बहुधा हरणार.

पण हे सगळं नंतर. पहिले काही आठवडे आम्हाला कुणालाही पाडू दिलं नाही. फक्त पडायला शिकवलं. याला उकेमी म्हणतात. मागे पडताना हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, पाठ गोल, श्वास बाहेर आणि हात शरीरापासून थोडे लांब ठेवून तळव्यांसकट गादीवर आपटायचे. आपण एरवी काय करतो? हात मागे टेकवून शरीर सावरायला बघतो, आणि मनगट मोडून घेतो. डोकं आपटू न देणं हा यातला सगळ्यात मोठा धडा. झटापटीत माणसाला अनेकदा ठोशापेक्षा फुटपाथवर डोकं आपटल्याने जास्त इजा होते. शिवाय हल्लेखोर आयुष्यात येईल न येईल, पाय मात्र नक्की घसरणार. आमच्यातला एक जण टाहोला बर्फावर सपशेल उताणा पडला आणि हसत उठला. त्याच्या बायकोने त्याच दिवशी वर्गात नाव घालायचं ठरवलं.

मनगटाचंही शिकलो. पकडीत अंगठा आणि बोटांच्या टोकांमध्ये फट असते, हात त्या दिशेने फिरवून काढायचा. कोदोकानने १९५६ मध्ये खास स्वसंरक्षणासाठी एकवीस डावांचा संच ठरवला. त्यातला पहिलाच डाव आहे दोन्ही मनगटं धरली तर काय करायचं त्याचा. त्यात सुरा, काठी, पिस्तूल यांचेही डाव आहेत. पण आमचे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, स्पष्ट सांगतात: शस्त्र दिसलं तर पाकीट टाका आणि पळा. दोन-तीन जण असतील तर कुणाला घेऊन जमिनीवर जाणं वेडेपणाचं. आणि कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्यात टी-शर्टवाल्याचा अंगरखा धरणार कुठून, हाही प्रश्न आहेच!

बायकांना हे जमेल का, असं विचारणाऱ्यांना आम्ही केको फुकुदा यांची गोष्ट सांगतो. त्या १९१३ च्या, उंची पाच फुटांच्या आत. कानोंच्या पहिल्या जुजुत्सू गुरूंची ही नात. १९३५ मध्ये त्या कोदोकानमध्ये दाखल झाल्या, लग्न केलं तर ज्युदो सुटेल म्हणून लग्न केलं नाही, आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोत येऊन बायकांसाठी वर्ग चालवला. स्त्रियांना पाचव्या दानच्या वर जाऊ द्यायचं नाही अशी कोदोकानची प्रथा होती, त्यामुळे त्या कित्येक वर्षं तिथेच अडकल्या. नववा दान कोदोकानने २००६ मध्ये दिला, दहावा अमेरिकेच्या संघटनेने २०११ मध्ये. २०१३ साली, वयाच्या ९९ व्या वर्षी त्या गेल्या. नव्वदी उलटल्यावरही शिकवत होत्या.

आपल्या सॅन होजेचंही या विद्येशी जुनं नातं आहे. अमेरिकेची पहिली राष्ट्रीय ज्युदो स्पर्धा १९५३ मध्ये सॅन होजे स्टेटमध्ये झाली. तिथले प्रशिक्षक योश उचिदा १०४ वर्षं जगले, २०२४ मध्ये वारले. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यात असताना त्यांचं कुटुंब छावणीत डांबलेलं होतं. ज्या व्यायामशाळेत १९४२ मध्ये जपानी-अमेरिकन कुटुंबांची छावणीसाठी नोंदणी झाली, तिलाच १९९७ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. परदेशात येऊन आपली विद्या टिकवणं म्हणजे काय, हे आम्हाला गणपतीच्या ढोल-ताशापेक्षा तिथे जास्त कळलं.

मुलांना घालायचं असेल तर एक गोष्ट मात्र नीट बघा. १९८३ ते २०११ या काळात जपानमधल्या शाळांत ज्युदो करताना शंभराहून अधिक मुलं दगावली. त्यात डोक्याला मार लागलेली आणि नुकतीच शिकू लागलेली मुलं बरीच होती, आणि ओसोतोगारी हा मागे उताणं पाडणारा डाव त्यात वारंवार आढळला. म्हणून नाव घालण्याआधी एक वर्ग बाजूला बसून पाहा. नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात फेकत असतील, जोड्या लावताना वजन बघत नसतील, किंवा डोकं आपटल्यावर "चल, काही होत नाही" म्हणून पुन्हा उभं करत असतील, तर सरळ दुसरी जागा शोधा. बेल्टचे रंग किती महिन्यांत मिळतात हे विचारू नका. पडायला किती दिवस शिकवता, हे विचारा.

खर्च फारसा नाही. अंगरखा तेवढा एक नंबर मोठा घ्या. पहिल्या धुण्यात आटतो.