साडेअठ्ठावीस मिलिमीटर

जुनी लेन्स हाती आली की आधी टॉर्चच्या उजेडात बघायची. मागून उजेड सोडला की आतली धूळ आणि बुरशीचे धागे लख्ख दिसतात. थोडी धूळ चालते, बुरशी नको. कोकणातल्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. मग अ‍ॅपर्चरची रिंग फिरवून पाती बघायची. ती कोरडी हवीत, तेलकट नकोत.

माझी टॅमरॉनची ९० मिलिमीटर एफ २.५ या तपासणीत उतरली. टॅमरॉन दुसऱ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांसाठी लेन्स बनवायची आणि प्रत्येकाचं माउंट वेगळं. त्यावर तिने १९७३ साली ‘अ‍ॅडॅप्टॉल’ पद्धत काढली: लेन्स तीच, मागची रिंग तेवढी बदलायची. माझ्या लेन्सला निकॉनची रिंग आहे, कॅमेरा मात्र सोनीचा, मिररलेस.

इथे सगळा हिशेब अंतराचा. निकॉनच्या फिल्म कॅमेऱ्यात आरशाला जागा लागे, म्हणून माउंटपासून फिल्म ४६.५ मिलिमीटरवर. सोनीच्या ई-माउंटमध्ये आरसा नाही, सेन्सर १८ मिलिमीटरवर. मधले २८.५ मिलिमीटर अ‍ॅडॉप्टर भरून काढतो. त्यात काच नसते, नुसती धातूची पोकळ नळी. ती जरा लांब झाली की दूरचा डोंगर फोकसमध्ये येतच नाही. एका मिलिमीटरने ५० मिलिमीटरची लेन्स अडीच मीटरच्या आसपास अडकते. म्हणून बरेच अ‍ॅडॉप्टर मुद्दाम किंचित आखूड बनवलेले असतात. मग लेन्सवरच्या अंतराच्या आकड्यांवर भिस्त ठेवता येत नाही, डोळ्यांनीच फोकस करावा लागतो.

कॅमेऱ्याला लेन्सची ओळख पटत नाही. ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करायचं, स्टॅबिलायझेशनसाठी ९० हा आकडा स्वतः भरायचा. मग जास्वंदीचे पुंकेसर. ही लेन्स अर्ध्या आकारापर्यंत जवळ जाते. तिथे एफ २.५ ला फुल-फ्रेम सेन्सरवर जेमतेम १ मिलिमीटर खोली स्पष्ट मिळते. परागांच्या कडांवर फोकस पीकिंगचा, म्हणजे स्पष्ट कडा दाखवणारा कॅमेऱ्याचा रंग चमकतो, पण तो फार उदार असतो. दृश्य मोठं करून एकच परागकोश निवडायचा. रिंगला हात न लावता, श्वास रोखून, अंगच केसभर पुढे-मागे करायचं. कण धारदार झाले की अ‍ॅपर्चरची रिंग मोजत एफ ८ वर न्यायची. आता सुमारे ३ मिलिमीटर हाताशी येतात, आणि शटर.

म्हणून लेन्सइतकीच पारख अ‍ॅडॉप्टरचीही करावी. बसवल्यावर लेन्स हलली, तर तो घेऊ नये. आतली भिंत चकाकत असेल, तर काळा मखमली कागद लावावा, नाहीतर चित्र फिकट येतं. एवढं जमलं, तर कंपनीने माउंट बदललं म्हणून चांगली काच टाकून द्यायचं कारण उरत नाही.