कारखान्यांतील दुभाषी



आमचा मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि त्या राज्याचा सरकारी कारभार उर्दूंत चाले. आमच्या टेंभुर्णीसारख्या गांवांतील कुणब्यास कचेरींत आपलें गाऱ्हाणें मांडावयाचें असल्यास मधें कोणीतरी दुभाषी लागे. घरांतील वडील मंडळी सांगत, कीं दाव्याचा निकाल पुष्कळदां या दुभाष्याच्या जिभेवर असे. एकानें मनांत बिघा धरला आणि दुसऱ्यानें एकर, तर दोघेहि खरें बोलत असून निवाडा मात्र खोटा होई.

आज मी आपणांस अशाच एका दुभाष्याची ओळख करून देणार आहें. त्याचें नांव सिग्नल कंडिशनर. मराठींत त्यास 'संकेत-संस्कारक' असें म्हणतां येईल; परंतु कारखान्यांतील माणसें नुसतें 'कंडिशनर' म्हणतात, आणि आपणहि तेंच म्हणूं. विजेच्या पॅनलमध्यें पोलादी पट्टीवर ओळीनें बसविलेल्या अरुंद, उभट डब्यांपैकीं हा एक. आपल्या घरांत तो दिसावयाचा नाहीं. परंतु आपल्या घराशीं त्याचा संबंध मात्र आहे. जालना शहर लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. ज्या खांबांवर आणि तुळयांवर आपलें घर उभें आहे त्यांतील सळई एके दिवशीं कोठल्यातरी भट्टींतून लाल होऊन निघालेली असते. आणि ती भट्टी किती तापली हें माणसाला सांगण्याच्या कामीं बहुधा असा एखादा दुभाषी असतो.

प्रथम त्याचें काम काय तें पाहूं. थॉमस योहान झेबेक या शास्त्रज्ञास १८२१ सालीं असें आढळलें, कीं दोन निरनिराळ्या धातूंच्या तारा टोकांशीं जोडून एक सांधा तापविला आणि दुसरा थंड ठेवला, तर त्या वेटोळ्यांत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो. याच तत्त्वावर थर्मोकपल, म्हणजे तापयुग्म, तयार होतें. मोठ्या भट्ट्यांसाठीं एक तार प्लॅटिनमची व दुसरी प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या मिश्रधातूची घेतात. हजार अंश सेल्सियस उष्णतेलाहि अशा एका प्रकारच्या जोडींतून मिळणारा विजेचा दाब साडेनऊ मिलिव्होल्टांच्या आसपास असतो. हातदिव्यांतील साध्या सेलच्या सुमारें दीडशेवा भाग. आणि हा क्षीण स्वर ऐकावयाचा कोठें? जेथें शेंकडों अश्वशक्तीच्या मोटारी सुरू-बंद होत आहेत अशा ठिकाणीं! बाजाराच्या दिवशीं भर चौकांत कोणी कानांत कुजबुजावें, तसाच हा प्रकार आहे. कंडिशनर ती कुजबूज ऐकतो, तींतला गोंगाट वेगळा काढतो, तिला बळ देतो, आणि पुढें दूरच्या नियंत्रकास समजेल अशा ठराविक भाषेंत ती सांगतो. ती भाषा म्हणजे ४ पासून २० मिलिअँपियरपर्यंतचा प्रवाह. तार लांब झाली तर विजेचा दाब वाटेंत कमी होतो. परंतु एकाच वेढ्यांतून वाहणारा प्रवाह सर्वत्र सारखाच असतो, म्हणून दूरच्या निरोपासाठीं प्रवाहाची निवड झाली.

आतां एक घडलेली हकीकत सांगतों. माझा एक जुना विद्यार्थी जालन्यांतील एका रोलिंग मिलमध्यें वीजतंत्री आहे. एका हिवाळ्यांत रात्रपाळीस तेथील कंडिशनर बिघडला. कोठारांत नवा होता, तो बसविला. भट्टी थंड होती. फलकावर २२ अंश दिसले, थंडीच्या रात्रीं तें कोणास वावगें वाटलें नाहीं. भट्टी पेटली. फलकाचा आंकडा नऊशेंवर आला, तेव्हां दारापाशीं उभा असलेला एक म्हातारा कामगार म्हणाला, "भाऊ, आकडा काही म्हणू द्या, हा रंग नऊशेचा न्हाई." नऊशें अंशांवर लोखंड लालभडक दिसतें, आंतला माल तर पिवळा पडूं लागला होता. माझ्या विद्यार्थ्यानें तत्काळ इंधन तोडलें आणि शोध केला. भट्टींत खरोखर १२०० अंश होते!

यंत्र बिघडलेलें नव्हतें. थर्मोकपल ठीक, नवा कंडिशनर ठीक, फलकहि ठीक. जुना कंडिशनर ० ते १२०० अंशांसाठीं लावलेला होता आणि फलकहि तसाच लावलेला होता. नवा मात्र ० ते १६०० अंशांसाठीं लावून आलेला होता, आणि तें कोणी पाहिलें नव्हतें.

ही चूक समजावयास शाळामास्तर फार उपयोगी पडतो! मुलगा घरीं येऊन सांगतो, "मला ७५ गुण मिळाले." शहाणी आई लगेच विचारते, "किती पैकीं?" शंभरापैकीं पंचाहत्तर निराळे आणि दीडशेंपैकीं पंचाहत्तर निराळे. प्रवाहाचेंहि असेंच आहे. ४ म्हणजे आरंभ, २० म्हणजे शेवट. मधल्या सोळा हिश्शांपैकीं किती हिस्से झाले, एवढेंच तो सांगतो. त्या रात्रीं तारेंतून १६ मिलिअँपियर येत होते. म्हणजे सोळांपैकीं बारा हिस्से, अर्थात् पाऊण. कंडिशनरच्या मनांत हा पाऊण हिस्सा सोळाशेंचा होता, म्हणून १२००. फलकाच्या मनांत तो बाराशेंचा होता, म्हणून ९००. 'किती पैकीं' हें तारेंतून जात नाहीं. तें दोन्ही टोकांशीं माणसानें आधींच लावून ठेवावें लागतें, आणि या लावण्यासच कंडिशनरची जुळणी म्हणतात.

यांतील दुष्टपणा पाहा. थंड भट्टींत ३० अंशांचे २२ दिसले. फरक अवघा आठांचा. उष्णता वाढली तसा फरकहि वाढला, आणि जेथें धोका सर्वांत अधिक तेथेंच तो सर्वांत मोठा झाला. नियंत्रकास ११०० अंश गांठण्याची आज्ञा होती. फलकावर ११०० उमटेपर्यंत त्यानें इंधन ओतलें असतें, तर भट्टीची शक्ति पुरल्यास आंत सुमारें १४६७ अंश झाले असते; आणि साधें पोलाद वितळूं लागण्याचा बिंदु तेथून फार दूर नाहीं. म्हणून चालू भट्टीच्या आरंभींच्या आंकड्यावर समाधान मानूं नये.

दुभाष्याचा दुसरा गुण असा, कीं ऐकूं न आल्यास तें त्यानें कबूल करावें. प्रवाह शून्यापासून न धरतां ४ पासून कां धरला, याचें उत्तर येथें आहे. शून्यापासून धरला असता तर 'उष्णता शून्य आहे' आणि 'तार तुटली आहे' या दोन गोष्टी एकसारख्याच दिसल्या असत्या. आतां ४ म्हणजे शून्याचा निरोप, आणि ० म्हणजे निरोपच नाहीं. शून्य आणि मौन यांतला हा भेद विजेच्या पूर्वींचा आहे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या जुन्या यंत्रांतहि दर चौरस इंचास ३ ते १५ पौंड असा दाब धरीत, शून्य ते पंधरा असा नव्हे. पुढें नामूर या जर्मन संस्थेनें शिफारस केली, कीं प्रवाह ३.६ मिलिअँपियर किंवा त्याहून कमी, अथवा २१ किंवा त्याहून अधिक असला तर तें माप न समजतां बिघाड समजावा.

परंतु थर्मोकपलच तुटलें तर कंडिशनरनें खालीं जावें कीं वर, हें आपणच ठरवावयाचें असतें. येथें घाई करणें प्राणघातक ठरूं शकेल. भट्टीचें थर्मोकपल तुटलें आणि आंकडा खालीं गेला, तर नियंत्रक समजेल कीं भट्टी थंड पडली, आणि तो इंधन वाढवीत सुटेल. म्हणून तेथें संकेत वर जावा, म्हणजे इंधन तुटेल. बाष्पकांतील पाण्याच्या पातळीची गोष्ट उलट. तेथें पाणी कमी होणें हाच मोठा धोका, म्हणून बिघाड होतांच संकेत खालीं जाणें इष्ट. नियम एकच: यंत्र चुकणारच असेल तर त्यानें कोणत्या बाजूस चुकावें म्हणजे माणूस वांचेल, हें आधीं ठरवावें आणि मग खटका लावावा.

दुभाष्याचा तिसरा गुण, दोन पक्षांचीं भांडणें एकमेकांच्या अंगावर येऊं न देणें. भट्टीजवळील जमिनीचा विद्युद्दाब आणि नियंत्रणकक्षाजवळील जमिनीचा विद्युद्दाब हे नेहमीं सारखे असतातच असें नाहीं. तार दोन्हीकडे जमिनीस जोडली तर त्या फरकामुळें तींतून नको असलेला प्रवाह वाहूं लागतो आणि खऱ्या संकेतांत मिसळतो. चांगल्या कंडिशनरमध्यें आंत येणारी वाट आणि बाहेर जाणारी वाट विजेच्या दृष्टीनें अलग केलेल्या असतात. भिंतीच्या झरोक्यांतून दिवा दाखवून खूण करावी, तसा निरोप जातो, पण वीज जात नाहीं. तारेभोंवतालचें धातूचें जाळीदार आवरण मात्र जमिनीस एकाच टोकाला जोडावें, आणि संकेताच्या तारा मोटारींच्या जाड तारांबरोबर एकाच पन्हळींतून नेऊं नयेत.

आतां प्रत्यक्ष कामाचा क्रम सांगतों. आरंभीं नियंत्रणकक्षांतील माणसास कळवावें आणि ती भट्टी स्वयंचलित नियंत्रणांतून काढून हातीं घ्यावी; कारण आपण तार सोडतांच नियंत्रकास भलताच निरोप जाणार आहे. या संकेतावर दुसरें कोणतें यंत्र अवलंबून आहे तेंहि विचारावें. नंतर वीज तोडावी, खटक्यास कुलूप घालावें, आपल्या नांवाची पाटी लावावी आणि किल्ली आपल्याच खिशांत ठेवावी. एवढ्यानें भागत नाहीं. एकाच पॅनलमध्यें २४ व्होल्टांच्या शेजारीं दुसऱ्या वाटेनें आलेले २३० व्होल्टहि असूं शकतात. म्हणून मीटर आधीं चालू विजेवर लावून तो ठीक असल्याची खात्री करावी, मग आपल्या जागीं वीज नाहीं हें पाहावें, आणि त्यानंतरच पॅनलमध्यें हात घालावा.

नव्या कंडिशनरवरील अक्षरें नीट वाचावीं. बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसणारे दोन डबे, एक २४ व्होल्टांचा तर दुसरा २३० व्होल्टांचा असतो. थर्मोकपलच्या तारांचे रंग देशपरत्वें बदलतात. तांबडी तार म्हणजे धन ही आपली समजूत, पण अमेरिकन पद्धतींत थर्मोकपलची तांबडी तार ऋण असते. उलट जोडली तर भट्टी तापेल तसा आंकडा उतरेल. थर्मोकपलपासून कंडिशनरपर्यंत त्याच प्रकारासाठीं केलेली तार न्यावी; मधें साधी तांब्याची तार जोडूं नये. थर्मोकपल आपल्या दोन टोकांतील उष्णतेचा फरकच तेवढा सांगतें. दुसऱ्या टोकाची उष्णता कंडिशनर आपल्या जोडपेंचांपाशीं मोजून तींत मिळवितो. तांब्याचा सांधा भलत्याच ठिकाणीं पडला कीं हा हिशेब चुकला.

बाहेर जाणाऱ्या वेढ्यास वीज कोण पुरवितो हेंहि पाहावें. कंडिशनर पुरवीत असेल तर नियंत्रकानें पुरवूं नये. दोघेहि देऊं लागले तर उपकरण जळण्याची भीति असते. पुरवठा २४ व्होल्टांचा आणि त्यांतले १२ कंडिशनरलाच लागत असले, तर उरलेल्या १२ व्होल्टांत २० मिलिअँपियर प्रवाह जास्तींत जास्त ६०० ओहम रोधांतूनच वाहूं शकेल. रोध याहून अधिक झाला तर आरंभीं सर्व ठीक चालेल आणि भट्टी ऐन तापावर आली कीं आंकडा अडून बसेल. येथेंहि दगा वरच्या टोकालाच आहे.

यानंतर वीज बंद असतांनाच लहान खटके लावावेत: थर्मोकपलचा प्रकार, आरंभ, शेवट, आणि बिघाड झाल्यास जावयाची दिशा. प्रकार चुकला तर काय होतें? वर सांगितलेल्या प्लॅटिनमच्या थर्मोकपलास कंडिशनर क्रोमेल-ॲल्युमेलच्या जोडीचें समजला, तर हजार अंशांचे तो सुमारें २३६ सांगेल.

मग परीक्षा. बर्फाचें पाणी शून्य अंश आणि उकळतें पाणी शंभर, हा शाळेंतील प्रयोग येथें अपुरा पडतो. आमच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ५०० मीटर उंचीवर, पाणी ९८ अंशांच्या थोडें पुढेंच उकळतें. आणि तें कांहींहि असलें तरी भट्टीच्या मानानें हा अगदीं तळचा टप्पा. म्हणून थर्मोकपलच्या जागीं कॅलिब्रेटर, म्हणजे ठराविक मिलिव्होल्ट देणारें प्रमाण-उपकरण, लावावें आणि शून्य, पाव, अर्धा, पाऊण व पूर्ण अशा पांच पायऱ्या चढून पुन्हां उतराव्यात. प्रवाह अनुक्रमें ४, ८, १२, १६ आणि २० यावा. तेवढ्यावर थांबूं नये. प्रत्येक पायरीवर, भट्टी चालविणारा माणूस ज्या फलकाकडे पाहतो त्या फलकावरील आंकडा वाचावा. त्या रात्रीं कंडिशनरपाशीं मीटर लावून कोणी पाहिलें असतें तरी १६ मिलिअँपियरच दिसले असते, आणि ते बरोबरच होते. शेवटीं एक तार मुद्दाम सोडून पाहावी: इंधन खरोखर तुटतें काय? तसें झालें म्हणजे तार पुन्हां जोडावी, 'किती पैकीं' तें डब्यावर आणि वहींत तारखेसह लिहावें, आणि मगच भट्टी पुन्हां नियंत्रकाच्या स्वाधीन करावी.

माझ्या विद्यार्थ्यानें आतां त्या पॅनलच्या दाराच्या आंतल्या बाजूस एक कागद चिकटविला आहे. त्यावर प्रत्येक कंडिशनरचा आरंभ आणि शेवट लिहिलेला आहे, आणि समोर फलकाचा आरंभ आणि शेवट. वर मोठ्या अक्षरांत दोनच शब्द आहेत: 'किती पैकीं?' "गुरुजी, हा तुमचाच प्रश्न आहे," असें तो मला म्हणाला. मीं त्यास विचारलें, "आणि त्या म्हाताऱ्या कामगाराचें काय?" तो म्हणाला, "त्यांना आम्ही भट्टीच्या दारापाशीं तसेंच उभे ठेवलें आहे. जुळणी कितीहि नीट केली, तरी पहिला तास आंकडा आणि रंग दोन्ही पाहावयाचे, असा आतां आमचा नियम आहे."