तोंडाचा वास आणि पोटातला जंतू

तोंडाला वास येतो, हे आपल्याकडे कोणी कोणाला सांगत नाही. आमच्या वडोदऱ्यात तर जेवणानंतर मुखवासाची डबी फिरते आणि विषय तिथेच मिटतो. माझा चुलतभाऊ वर्षभर लवंग-वेलची चघळत होता. ऑफिसात लांब उभा राहून बोलायचा, मुलगी बघायला जायचे टाळायचा. शेवटी आजीच म्हणाली, "अरे, आधी दाताच्या डॉक्टरांना दाखव बघू."

आजीचे बरोबरच होते. बहुतेक वेळा वासाचे मूळ तोंडातच असते: जिभेवरचा थर, सुजलेल्या हिरड्या, किडका दात. दादाचे दात मात्र ठीक निघाले. पण त्याला पोट फुगणे, ढेकरा आणि जळजळ हा त्रासही होता. म्हणून पोटाच्या डॉक्टरांनी श्वासाची तपासणी केली आणि 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हा जंतू सापडला.

हा जंतू युरियापासून अमोनिया तयार करतो आणि जठरातल्या आम्लातही तग धरतो. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. बॅरी मार्शल यांनी हे जंतू मुद्दाम पिऊन पाहिले. काही दिवसांत उलट्या झाल्या, जठराला सूज आली आणि श्वासाला दुर्गंधी येऊ लागली! या जंतूच्या शोधासाठी त्यांना आणि डॉ. रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले.

अर्थात, हा जंतू असंख्य लोकांच्या पोटात असतो आणि बहुतेकांना काहीच होत नाही. वासाशी त्याचे नाते प्रत्येकात असतेच असे नाही. पण काहींना त्यातून अल्सर होतो, क्वचित जठराचा कर्करोगही. म्हणून वासासोबत पोटाचा त्रास असेल, तर तपासून घ्यावे. काळे शौच, वजन घटणे किंवा रक्ताची उलटी असेल, तर थांबूच नये.

दादाला १४ दिवस प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध दिले. तोंड कडू झाले, चौथ्या दिवशी तो वैतागला; पण अर्धवट सोडले तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो, म्हणून आजीने रोज समोर बसून गोळ्या घ्यायला लावल्या. औषधे संपल्यावर महिन्याहून अधिक काळ थांबून पुन्हा तपासणी केली. जंतू गेला होता, वासही बराच कमी झाला होता.

मित्रांनो, घरात कोणाला असा त्रास असेल, तर चेष्टा करू नका. बाजूला घेऊन मायेने सांगा. मुखवास जेवणानंतर जरूर खा, पण औषध म्हणून नको.