डिझेलची वही

ट्रक तुमचा स्वतःचा आहे. चालवणारेही तुम्हीच. लासलगावहून वाशीच्या बाजारात कांदा नेला, तर भाडे किती मिळाले हे तुम्हाला तोंडपाठ असते. पण त्यातले किती रुपये डिझेलमध्ये जळले? इथे बरेच जण डोके खाजवतात.

भाडे आपल्या हातात नसते. ते व्यापारी नि ट्रान्सपोर्टवाला ठरवतो. डिझेलचा भावही आपल्या हातात नाही. मग हातात काय आहे? एका लिटरमध्ये गाडी किती पळते, ते थोडेफार आपल्या हातात आहे.

हिशेब करून बघू. समजा, दहाचाकी गाडी महिन्याला ९,००० किलोमीटर चालते. लिटरला ४ किलोमीटर पडले तर २,२५० लिटर डिझेल लागेल. साडेचार पडले तर २,००० लिटर लागेल. फरक २५० लिटरचा. लिटरला ९० रुपये धरले, तर २२,५०० रुपये झाले. अर्ध्या किलोमीटरचे एवढे पैसे! गाडीच्या हप्त्याला त्याचा केवढा हातभार लागेल!

पण आपली गाडी चार देते की साडेचार, हे कळायचे कसे? आपण पंपावर जातो आणि म्हणतो, "पाच हजारांचं टाक रे." आधी टाकीत किती होते, ठाऊक नाही. आता किती झाले, तेही ठाऊक नाही. मग ताळा जुळणार कसा?

एक साधी वही घ्या. टाकी पूर्ण भरा. मीटरवरचा किलोमीटरचा आकडा वहीत लिहा. पुढच्या वेळी टाकी पुन्हा पूर्ण भरा. किती लिटर बसले ते लिहा. मीटरचा नवा आकडा लिहा. नव्या आकड्यातून जुना वजा करा. जे उरेल त्याला लिटरांनी भागा. समजा, ८१० किलोमीटर झाले आणि १८० लिटर बसले. ८१० भागिले १८०, म्हणजे साडेचार. झाले! भागाकार अडला तर शाळेत जाणारी मुलगी करून देईल. शेजारी रस्ता लिहा आणि गाडी भरलेली होती की रिकामी, तेही लिहा. नाहीतर भरल्या फेरीची रिकाम्या फेरीशी तुलना कराल आणि उगाच इंजिनाला दोष द्याल.

पंपावर नोझल लावण्याआधी मशीनवर शून्य आहे ना, ते पाहा. मापाचा संशय आला तर पाच लिटरचे शिक्क्याचे माप मागा. ते पंपावर ठेवावेच लागते, आणि गिऱ्हाइकाने मागितले की मोजून दाखवावे लागते. मागायला लाजू नका.

आता वेगाचे पाहू. गाडी जोरात पळाली की समोरचा वारा तिला जोरात अडवतो. वेग ताशी ६० चा ८० केला, तर वाऱ्याचा अडथळा जवळजवळ पावणेदोन पट होतो. तो ढकलायला डिझेलच लागते. १६० किलोमीटरच्या मोकळ्या रस्त्यावर त्यातून मिळतात फक्त चाळीस मिनिटे. तीही बाजाराच्या दारातल्या रांगेत जातात. सैल ताडपत्री फडफडत असेल, तर तीही वारा धरते. दोर घट्ट आवळा.

घाटाचे मात्र नीट ऐका. कसारा घाट उतरताना काही जण गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. काही तर इंजिनच बंद करतात. म्हणतात, "उतार आहे, फुकट जाऊ." यात फुकट काही नाही. गिअर टाकलेला असताना रेसवरचा पाय उचलला, की उतारावर चाकेच इंजिनाला फिरवतात. तेव्हा इंजिनात डिझेल जाणे थांबते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच फिरत राहावे लागते, म्हणून ते डिझेल पीत राहते. म्हणजे वाचवायला गेलात आणि जास्त जाळलेत.

आणि जीव? गिअर नसला की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. इंजिन बंद केले की ब्रेकसाठी हवा भरणारा कंप्रेसरही बंद. दर वेळी ब्रेक दाबला की साठलेली हवा कमी होते. स्टिअरिंगही जड होते. पुण्याजवळ असेच घडले. २० नोव्हेंबर २०२२ रोजी कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना एका ट्रकने ओळीने कितीतरी गाड्या चिरडल्या. ड्रायव्हरने डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांनी तपासानंतर सांगितले. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरावे. ते खरे आहे.

इंजिन बंद करायचेच असेल, तर गाडी उभी असताना करा. बाजाराच्या रांगेत, हमाल माल उतरवताना, ढाब्यावर चहा पिताना. उभ्या ट्रकचे इंजिन तासाला लिटर-दीड लिटर सहज पिते, मोठे असेल तर त्याहून जास्त.

टायरमध्ये हवा कमी असली की टायर रस्त्यावर बसतो आणि गाडी ओढावी लागते. लोखंडी दांडा मारून आवाजावरून हवा ओळखणारे पुष्कळ आहेत. पण त्या आवाजाने कमीजास्त कळत नाही. सकाळी टायर थंड असताना मीटर लावून पाहा. मागच्या जोडचाकांतले आतले चाक विसरू नका, नेमके तेच दुर्लक्षित राहते.

वहीतला आकडा त्याच रस्त्यावर, तेवढ्याच मालाला एकदम खाली आला, तर आधी हवेचा फिल्टर उघडून पाहा. धुळीने तो बंद झाला की इंजिन काळा धूर सोडते. मग गाडी थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हाताची मागची बाजू धरून पाहा. हात लावू नका, चटका बसेल. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेले असेल, तर त्याचा ब्रेक सुटत नाही, किंवा बेअरिंग बिघडले आहे. गाडी तशीच पुढे दामटू नका, मिस्त्रीला दाखवा.