टॉर्चला तुमचे लोकेशन कशाला हवे?

गोंदिया जिल्ह्यात आधारभूत केंद्रावर धान विकायचे तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते. ऑगस्ट २०२१ पासून ती नोंद शेतकऱ्यालाच ई-पीक पाहणी अॅपमधून करावी लागते. हे अॅप लोकेशन आणि कॅमेरा मागते, ते रास्तच आहे. फोटो त्याच बांधीतला आहे हे एरवी कसे कळणार? पण रेंज आहे तोवर काम उरकायच्या घाईत, चौकट दिसली की न वाचता परवानगी द्यायची सवय आपल्याला लागली आहे. टॉर्च, कॅलेंडर, फोटो सजवणे अशी किरकोळ अॅप घेताना हीच सवय महागात पडते.

रात्री मोटार सुरू करायला जाणाऱ्याला टॉर्च हवाच. ‘ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाचे असेच एक मोफत अॅप जगभर कोट्यवधी वेळा डाउनलोड झाले होते. ते वापरणाऱ्यांचे नेमके ठिकाण आणि फोनची ओळख जाहिरात कंपन्यांना पुरवत होते, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०१३ मध्ये ठेवला. अटी मान्य की अमान्य हे ठरवण्याआधीच माहिती निघून जात होती. जुन्या फोनमध्ये टॉर्चच्या अॅपला कॅमेऱ्याची परवानगी लागे, कारण फ्लॅश कॅमेऱ्याचाच भाग. लोकेशनचे मात्र उजेडाशी काहीच नाते नाही. आता टॉर्च फोनमध्येच असतो. वेगळे अॅप असेल तर आजच काढून टाका.

नावाजलेले अॅप म्हणजे सुरक्षित, असेही नाही. सातबारा, आधार, पासबुक स्कॅन करायला अनेकांनी वापरलेल्या कॅमस्कॅनरच्या अँड्रॉइड आवृत्तीत ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्कीच्या तज्ज्ञांना घातक कोड सापडला. तो जाहिरातींसाठी जोडलेल्या बाहेरच्या भागातून आला होता. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ अॅपमध्ये कॅमस्कॅनरही होते.

संपर्क यादीची परवानगी मला सर्वांत जास्त खटकते. ती देताना आपण सोयऱ्याधायऱ्यांचे, शेजाऱ्यांचे नंबरही देऊन टाकतो, त्यांना न विचारता. कर्ज देणाऱ्या काही अॅपनी याच याद्या वापरून कर्जदारांच्या नातेवाइकांना धमक्या दिल्या. म्हणूनच रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी कर्जाच्या अॅपना संपर्क यादी, कॉलची नोंद आणि फोनमधल्या फायली पाहायला मनाई केली.

पीएम किसानच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सअॅपवर येणारी एपीके फाइल याहून घातक. ती प्ले स्टोअरच्या तपासणीतून येत नाही. तिला एसएमएस वाचू दिले की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराच्या हाती पडतो. ग्रुपवर टाकणारा आपला भाऊ असला तरी उघडू नका. बऱ्याचदा त्याच्याच फोनवर चोराचा ताबा असतो.

सेटिंग्जमध्ये ‘परमिशन मॅनेजर’ उघडा. लोकेशन, संपर्क आणि एसएमएस कोणाकोणाला दिले आहेत ते तिथे दिसते, आणि दिलेली परवानगी तिथूनच काढताही येते. एपीके टाकून झाली असेल तर आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा. ती लवकर झाली तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येते.